रुग्णशय्येपाशी भरणारी शाळा



महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयात सकाळी साडेनऊच्या सुमारास एक मिरवणूक निघते. पुढे युनिटचे प्रमुख, त्यांच्या खांद्याशी लेक्चरर, हाती केसपेपरांचा गठ्ठा घेतलेले निवासी डॉक्टर, त्यामागे इंटर्न आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या ॲप्रनमधला विद्यार्थ्यांचा घोळका. मिरवणूक एका खाटेपाशी थांबते. निवासी डॉक्टर इंग्रजीत भराभर काही वाचून दाखवतो, प्रमुख दोन औषधे बदलतात, एखाद्या विद्यार्थ्यावर अवघड प्रश्न फेकला जातो, त्याला उत्तर येत नाही, 'वाचून या' असे फर्मान सुटते आणि मिरवणूक पुढच्या खाटेकडे सरकते. मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला रुग्णाचा चेहरासुद्धा दिसलेला नसतो. या प्रकाराला 'क्लिनिकल टीचिंग' म्हणण्याची प्रथा आहे.

या मिरवणुकीतील कोणीही कामचुकार नसतो, हे प्रथम नमूद केले पाहिजे. प्रमुख बहुधा नाणावलेले चिकित्सक असतात. वॉर्डात खाटा भरून जमिनीवर गाद्या पडलेल्या असतात, बाहेर ओपीडीची रांग फाटकापर्यंत गेलेली असते आणि दुपारी एखाद्या समितीची बैठक ठेपलेली असते. तेव्हा उणीव वृत्तीची नाही, विद्येची आहे. उत्तम चिकित्सा करणे ही एक विद्या आणि ती चिकित्सा दुसऱ्याच्या अंगी उतरवणे ही दुसरी विद्या. पहिली आली की दुसरी आपोआप येते, अशी समजूत वैद्यकीय क्षेत्रात पिढ्यान्पिढ्या रुजलेली आहे. एम.डी. किंवा एम.एस. झालेल्या तरुणाच्या हाती नियुक्तिपत्र पडते आणि त्या क्षणापासून तो अध्यापक ठरतो. प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे शिकवायचे तर अध्यापनाची पदविका घ्यावी लागते; उद्या ज्यांच्या हाती माणसांचे प्राण जाणार आहेत त्यांना शिकवण्यासाठी मात्र दीर्घकाळपर्यंत शिकवण्याचे कोणतेही शिक्षण लागत नव्हते.

ज्ञापनसमर्थ

वस्तुतः हा भेद भारतीय वैद्यकाला प्राचीन काळीच उमगलेला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्यकी शिकू इच्छिणाऱ्याने आचार्याची परीक्षा कशी करावी हे सांगितले आहे. होय, शिष्याने आचार्याची परीक्षा! आचार्य शास्त्र नीट जाणणारा असावा, त्याने प्रत्यक्ष कर्मे पाहिलेली असावीत, तो दक्ष असावा, त्याच्या हाताला यश असावे, त्याच्यापाशी साधने असावीत, अशी ही मालिका आहे. एवढ्यावर उत्तम वैद्याचे वर्णन पुरे होते. पण ग्रंथकार तेथे थांबत नाही. आचार्य शिष्यांवर वात्सल्य करणारा असावा आणि 'ज्ञापनसमर्थ' असावा, अशी स्वतंत्र भर तो घालतो. ज्ञापनसमर्थ म्हणजे स्वतःला समजलेले दुसऱ्याला समजावून देण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी आहे तो. अनुभव आणि हस्तकौशल्य यांतच हे सामर्थ्य येऊन जाते असे ग्रंथकाराला वाटले असते, तर हा शब्द वेगळा घालण्याचे प्रयोजन नव्हते.

सुश्रुतसंहिता तर याहून पुढे जाते. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायाचे नावच 'योग्यासूत्रीय'. योग्या म्हणजे सराव. शास्त्र कितीही वाचलेले असले तरी सरावावाचून शिष्य कर्माला अयोग्यच, ही तेथील भूमिका आहे. म्हणून कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. भेदण्याचा सराव पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा सराव ताणून बसवलेल्या केसाळ चामड्यावर. शिरा वेधण्याचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा सराव कापडाच्या व मऊ चामड्याच्या कडांवर. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. आज ज्याला 'स्किल्स लॅब' म्हणतात आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार जी प्रत्येक महाविद्यालयात असणे बंधनकारक आहे, तिचा गाभा हाच आहे. नवशिक्याचा पहिला चुकीचा हात जिवंत माणसावर पडू नये.

याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाला खर्च पडत नाही. आपल्या महाविद्यालयातील स्किल्स लॅबचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते आणि त्यातील पुतळे तपासणी पथक येण्यापूर्वीच पुसले जातात की काय, हे पाहणे त्याहून कठीण, आणि सुश्रुताशी अधिक प्रामाणिक.

परळचा पण

अध्यापक कोण असावा, हा प्रश्न मुंबईत एकदा राष्ट्रीय स्वाभिमानाचा प्रश्न म्हणूनही उभा राहिला होता. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात भारतीय विद्यार्थी शिकत, भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पदवीधर तेथून पहिल्याच तुकडीत बाहेर पडले, पण अध्यापनाच्या वरच्या जागा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती राहिल्या. भारतीय माणूस डॉक्टर होऊ शकतो, डॉक्टरांचा गुरू होऊ शकत नाही, असाच त्या व्यवस्थेचा अर्थ होता. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळ येथील महाविद्यालयासाठी देणगी दिली ती या अटीवर की, तेथील अध्यापक भारतीयच असतील. १९२६ साली जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता तेथील पहिले अधिष्ठाता. त्या अटीने अध्यापकाची जागा भारतीयाला मिळवून दिली. त्या जागेवर बसल्यावर शिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र राहिला, आणि योगायोग असा की त्याच महाविद्यालयात पुढे २००५ साली वैद्यकीय अध्यापकांना शिक्षणशास्त्र शिकवणारे फेमर संस्थेचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले. फिलाडेल्फियातील या संस्थेचे हे भारतातील पहिलेच केंद्र.

पाश्चात्त्य वैद्यकातही खाटेपाशी शिकवण्याची परंपरा सहजी रुजली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे हेर्मान बोर्हावे अवघ्या बारा खाटांच्या वॉर्डात, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया, विद्यार्थ्यांना शिकवीत आणि त्यासाठी युरोपभरातून विद्यार्थी येत. अमेरिकेत हे श्रेय विल्यम ऑस्लर यांचे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्याला बाकावरून उठवून वॉर्डात आणले, त्याच्यावर रुग्णांची खरी जबाबदारी टाकली. १८९२ साली त्यांनी लिहिलेला मेडिसिनचा ग्रंथ जगभर वाचला गेला, तरी विद्यार्थ्यांना वॉर्डात आणल्याचे समाधान त्यांना ग्रंथापेक्षा मोठे वाटे. बारा खाटा आणि मूठभर शिष्य. आजच्या वॉर्डातील गर्दीपुढे हे चित्र स्वप्नवत वाटेल. म्हणून मुद्दा पुढचा आहे. वेळ नाही आणि गर्दी आहे, हे गृहीत धरून शिकवता येते काय?

अंदाजाचे मीठ

त्यापूर्वी एक अडचण समजून घेतली पाहिजे. निष्णात माणसाला आपण जे करतो ते कसे करतो हे पुष्कळदा सांगता येत नाही. घरातील जाणती गृहिणी आमटीत मीठ 'अंदाजाने' घालते. नव्या सुनेने 'किती?' विचारले तर 'अंदाजाने गं' एवढेच उत्तर येते. उत्तर खोटे नसते, निरुपयोगी असते. वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या डॉक्टरला दारातून चालत येणाऱ्या वृद्धाकडे पाहताच कंपवात ओळखू येतो. हात हलत नाहीत, चेहरा थिजलेला, पावले आखूड, वळताना अख्खे शरीर एका ठोकळ्यासारखे वळते, हे सारे त्याच्या मनात निमिषार्धात होऊन जाते. विद्यार्थ्याच्या कानी येते ते फक्त निदान. त्याला वाटते, ही सरांची दैवी देणगी. म्हणून अध्यापकाने उचलायचे पहिले कौशल्य साधे आहे: मोठ्याने विचार करणे. 'मी आधी त्यांच्या चालण्याकडे पाहिले, कारण...' असे एक वाक्य विद्यार्थ्याला पुस्तकाच्या एका प्रकरणाहून अधिक देते.

हाताच्या कामांतही तेच. राइल्स ट्यूब घालणे, सलाईनसाठी शीर पकडणे, पाठीतून पाणी काढणे या गोष्टी 'एक पाहा, एक करा, एक शिकवा' या जुन्या शस्त्रक्रियागृही परंपरेने शिकल्या जातात. या म्हणीत दुसऱ्या क्रमांकावर पडलेल्या रुग्णाचे काय, हे कोणी विचारत नाही. शल्यविशारद रॉडनी पेटन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार पायऱ्यांची रीत याहून सुज्ञ आहे. शिक्षकाने प्रथम ते काम नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवावे. मग सावकाश, प्रत्येक पायरी सांगत करावे. तिसऱ्या खेपेस शिक्षकाचे हात आणि विद्यार्थ्याचे तोंड: विद्यार्थी पुढची पायरी सांगेल तेव्हाच शिक्षक ती करील. चौथ्या खेपेस विद्यार्थी स्वतः बोलत बोलत करील. तिसरी पायरी महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. विद्यार्थ्याच्या डोक्यात कोठे गोंधळ आहे हे तेथे उघडे पडते, आणि सुई अजून शिक्षकाच्याच हाती असते.

पाच मिनिटांची रीत

आता वेळेच्या प्रश्नाकडे. १९९२ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फॅमिली मेडिसिन विभागातील जॉन नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाईच्या बाह्यरुग्ण विभागासाठी एक पंचपदी सुचवली. 'वन मिनिट प्रीसेप्टर' या नावाने ती जगभर शिकवली जाते. नाव एका मिनिटाचे असले तरी पाच मिनिटे धरावीत. तिचे स्वरूप एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट होईल.

पावसाळ्याचे दिवस आहेत. एक विद्यार्थिनी सांगते, "सर, पस्तीस वर्षांचे गृहस्थ, मार्केटात हमाली करतात. चार दिवस ताप, डोकेदुखी, अंगदुखी. मलेरियाचा स्मिअर निगेटिव्ह आहे. प्लेटलेट्स ऐंशी हजार." नेहमीच्या रीतीने सर लगेच दोन तपासण्या आणि सलाईन सांगून मोकळे होतील. रुग्णाला उपचार मिळतील, विद्यार्थिनीला काहीच मिळणार नाही. कारण विचार करण्याचे काम सरांनी तिच्याकडून काढून घेतले.

त्याऐवजी सर विचारतात, "तुला काय वाटतं?"

"सर, डेंग्यू असावा."

"कशावरून?"

"ताप आहे, अंग दुखतंय, प्लेटलेट्स उतरल्यात."

"बरं. आणखी काय असू शकेल? आणि ते नाही, हे कसं ठरवशील?"

विद्यार्थिनी गप्प होते. सर तिला घेऊन खाटेपाशी येतात. "मामा, आठ-दहा दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?"

"व्हय साहेब. गुडघाभर पाणी व्हतं मार्केटात. पायाला जखमबी व्हती."

सर तिला पोटऱ्या हलकेच दाबून पाहायला सांगतात. मामा विव्हळतात. डोळे लाल आहेत, पण चिपडे नाहीत. बाजूला येऊन सर म्हणतात, "पावसाळ्यात ताप आला की पाण्यातून चालणं विचारायचंच, डोळे आणि पोटऱ्या पाहायच्याच, आणि दिवसाची लघवी मोजायला सांगायची. लेप्टोतही प्लेटलेट्स उतरतात. व्यवसाय विचारलास हे फार चांगलं केलंस, हमाल म्हटल्यावरच मला पाणी आठवलं. पण व्यवसाय विचारून तू पुढे गेलीस. त्या कामात माणूस कशात हात घालतो, कशात पाय घालतो, हे विचारायचं राहिलं. संध्याकाळी लेप्टो आणि डेंग्यू दोन्ही वाचून ये, उद्या या मामांच्या रिपोर्टांवर आपण बोलू."

विद्यार्थ्याला एका मतावर उभे करणे, त्या मतामागचे पुरावे विचारणे, एक सर्वत्र लागू पडणारा नियम देणे, जे बरोबर केले ते नेमके सांगणे आणि जे चुकले ते दुरुस्त करणे, ही ती पाच पदे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईच्या रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दाटले होते. त्या दिवसांत 'पाण्यातून चालला होतात का?' हा एक प्रश्न ज्याच्या ओठी बसला होता, त्या निवासी डॉक्टरने किती जणांची मूत्रपिंडे वाचवली असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही.

शाबासकी आणि समज

या पंचपदीतील चौथे आणि पाचवे पद आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ. वॉर्डात कौतुक करणे म्हणजे विद्यार्थ्याला डोक्यावर बसवणे, अशी भावना असते. आणि चूक सांगायची तर ती रुग्ण, नातेवाईक, परिचारिका यांच्यादेखत, शक्यतो आवाज चढवून. 'आम्हीही असेच शिकलो' हे त्याचे समर्थन. अपमानाच्या भीतीने विद्यार्थी एक गोष्ट मात्र पक्की शिकतो: आपल्याला येत नाही हे लपवणे. जो इंटर्न रात्री दोन वाजता 'मला कळत नाही, आपण येऊन पाहाल का?' असा फोन वरिष्ठांना करायला कचरतो, त्याचे कचरणे कोठून आले हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्याची किंमत त्या रात्री खाटेवरचा रुग्ण मोजतो.

१९८३ साली जॅक एंडे या अमेरिकी चिकित्सकाने वैद्यकीय शिक्षणातील प्रत्याभरणावर एक लेख लिहिला. प्रत्याभरण, म्हणजे ज्याला सर्रास 'फीडबॅक' म्हणतात, ते आणि परीक्षेतील मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्याचा गाभा. मूल्यमापन शेवटी निकाल देते. प्रत्याभरण वाटेत दिशा देते. ते माणसाविषयी नसावे, कृतीविषयी असावे. वेळच्या वेळी असावे. आणि सुधारता येईल एवढ्या मापाचे असावे. 'तू निष्काळजी आहेस' याने काही सुधारत नाही. 'छान केलंस' यानेही नाही. 'मावशींच्या अंगावर चादर ओढून मगच पोट तपासलंस, म्हणून त्या मोकळेपणानं बोलल्या. पण यकृत तपासताना हात फार वरून सुरू केलास, मोठं झालेलं यकृत हाताखालीच राहून गेलं' यातून विद्यार्थी उद्या हात कोठून सुरू करायचा हे घेऊन जातो.

ज्यांनी शास्त्रीय संगीताची तालीम जवळून पाहिली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. चांगला गुरू 'तुझे गाणे वाईट' असे म्हणत नाही. तो एका स्वरावर थांबवतो, 'निषाद थोडा उतरला, पुन्हा' म्हणतो, आणि तेवढी एक जागा बसेपर्यंत पुढे जात नाही. (विद्या हातची राखून ठेवणारे गुरूही त्याच परंपरेत झाले, हेही विसरू नये.) संगीतगुरूला एक गोष्ट अनायासे लाभते, ती म्हणजे तो शिष्याला गाताना ऐकतो. वैद्यकातील विचित्र वास्तव असे की, विद्यार्थी रुग्णाला तपासत असताना त्याच्याकडे पाहत कोणी बसलेलेच नसते. अध्यापक ऐकतो तो विद्यार्थ्याचा वृत्तान्त. स्टेथोस्कोप छातीवर योग्य जागी टेकला होता की नाही, रुग्णाचे वाक्य मध्येच तोडले की काय, हे त्या वृत्तान्तात येत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप संपते, पदवी मिळते, आणि पूर्ण तपासणी करताना आपल्याला कोणी अथपासून इतिपर्यंत पाहिले आहे असे छातीठोकपणे सांगू शकणारे पदवीधर विरळा. जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेली 'मिनी-सेक्स' ही पद्धत याच उणिवेवर बोट ठेवते. अध्यापकाने पंधरा-वीस मिनिटे विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णापाशी पाहावे, मध्ये बोलू नये, मग काही मिनिटे बोलावे; आणि हे वर्षातून अनेकदा, वेगवेगळ्या अध्यापकांनी करावे. हेच नॉर्सिनी पुढे फेमर संस्थेचे अध्यक्ष झाले.

रुग्ण ऐकत असतो

या साऱ्या शाळेत एक व्यक्ती अशी आहे की जी फळाही आहे, पाठ्यपुस्तकही आहे, आणि तरीही माणूस आहे. सार्वजनिक रुग्णालयातील रुग्ण गरीब असतो आणि म्हणून 'शिकण्यासाठी उपलब्ध' असतो, हे गृहीतक कोणी उच्चारीत नाही, पण आचरणात ते पदोपदी दिसते. पंधरा जणांनी एकामागून एक पोट दाबलेल्या माणसाला विचारलेले नसते, की चालेल का? शिकवणारा डॉक्टर नकळत हेही शिकवत असतो. त्याने पडदा ओढला, नावाने हाक मारली, 'आजोबा, ही शिकणारी मुलं आहेत, तुम्हाला त्रास नसेल तरच तपासतील' असे म्हटले, तर ते विद्यार्थ्यांच्या हाडीमाशी भिनते. न म्हटले, तर तेही भिनते.

खाटेपाशी काय बोलावे आणि काय व्हरांड्यात, याचा विवेक अध्यापकाकडे हवा. इंग्रजीत बोलले म्हणजे रुग्णाला कळत नाही, हा भ्रम आहे. 'कॅन्सर'चे 'सीए' केले तरी आवाज खाली गेलेला त्याला कळतो, चेहरे कळतात. आणि अर्धवट कळलेले पूर्ण कळलेल्याहून भयंकर असते. दुसरीकडे, खाटेपाशी चर्चा केल्याने रुग्ण दुखावतोच असेही नाही. ऑस्लर यांच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांची केस त्यांच्यासमोर मांडली गेली त्या रुग्णांना डॉक्टरांनी आपल्याला अधिक वेळ दिला असे वाटल्याचे आढळले. रुग्णाला चर्चेत घेतले, शेवटी दोन वाक्ये त्याच्या भाषेत सांगितली, 'यात काही चुकीचं सांगितलं का आम्ही?' असे विचारले, तर तोही शिकवू लागतो.

त्याच्या भाषेत, हे शब्द महत्त्वाचे. 'अंगात कणकण आहे', 'पोटात गोळा येतो', 'जीव घाबराघुबरा होतो', 'कसंतरीच होतंय' या शब्दांना पाठ्यपुस्तकात जागा नाही. रोग मात्र याच शब्दांतून बोलतो. अखिल भारतीय प्रवेशामुळे परप्रांतातून आलेला विद्यार्थीच येथे अडतो असे नव्हे, इंग्रजी माध्यमातून आलेला पुण्या-मुंबईचा मराठी विद्यार्थीही मेळघाटातील वा माणदेशातील रुग्णापुढे तितकाच अडतो. नव्या अभ्यासक्रमातील आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला स्थान दिले गेले, हे योग्यच झाले. पण तेथे शिकलेली वाक्ये वॉर्डात अध्यापकाने वापरून दाखवली नाहीत तर ती वहीतच राहतात. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या महाविद्यालयात नव्या तुकडीचे विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतात आणि मग एका गावाशी जोडले जातात. रुग्ण खाटेवर येण्यापूर्वी कोणत्या घरात झोपत होता हे ज्याने पाहिले, त्याचे प्रश्न वेगळे असतात.

प्रमाणपत्र आणि पालट

अध्यापकांना शिकवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत १९७० च्या दशकातच राष्ट्रीय अध्यापक प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. १९९७ च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग असावा असे सांगितले. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, म्हणजे विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे यापेक्षा त्याला काय करता येते याला महत्त्व आले. अध्यापकांच्या बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम अनिवार्य ठरला.

तथापि, अनिवार्य झालेल्या गोष्टीचे जे होते तेच याचेही ठिकठिकाणी झाले. कार्यशाळेत गट पडतात, तक्ते रंगतात, प्रमाणपत्रासह छायाचित्र निघते आणि चौथ्या दिवशी वॉर्डात तीच मिरवणूक. दुसरीकडे विद्यार्थीही वॉर्डात राहायला तयार नाही. पदव्युत्तर प्रवेशाची बहुपर्यायी परीक्षा डोळ्यांपुढे असते. इंटर्नशिपचे वर्ष, जे खाटेपाशी जायला हवे, ते वाचनालयात आणि मोबाइलवरील क्लासमध्ये जाते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण वॉर्डात उभे राहून काही मिळत नाही असा त्याचा अनुभव असेल, तर तो तेथे का थांबेल?

प्रश्न तातडीचा का आहे, ते आकड्यांवरून कळते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. दहा वर्षांत महाविद्यालये सातशेच्या वर आणि जागा लाखाच्या वर गेल्या. महाराष्ट्रात गोंदिया, चंद्रपूर, जळगाव, नंदुरबार, अलिबाग, सातारा, सिंधुदुर्ग अशी नवी सरकारी महाविद्यालये आली. ही वाढ स्वागतार्हच. नंदुरबारच्या मुलाने डॉक्टर होण्यासाठी मुंबईलाच का जावे? पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, अध्यापक नाही. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम बदलले. किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे रुग्ण पाहिलेल्या माणसाकडे अनुभवाची खाण असते, यात शंका नाही. चरकाच्या यादीतील पहिले सारे गुण त्याच्यापाशी असतील. ज्ञापनसमर्थ हा शेवटचा गुण त्याला कोण देणार?

त्यासाठी मोठ्या निधीची वा परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. महिन्यातून एकदा एका अध्यापकाने दुसऱ्याच्या राउंडला मागच्या रांगेत, विद्यार्थ्यांच्या मध्ये उभे राहावे. हाती कागद असावा आणि त्यावर तीनच नोंदी: विद्यार्थी किती वेळ बोलले, सर किती वेळ बोलले, आणि रुग्णाशी कोणी बोलले काय. राउंड संपल्यावर चहा घेताना तो कागद दोघांनी पाहावा, तिसऱ्या कोणाला दाखवू नये, बढतीच्या फायलीत तर मुळीच लावू नये. पुढच्या महिन्यात जागा बदलाव्यात. निवासी डॉक्टरांनाही यात घ्यावे, कारण रात्रीच्या ड्यूटीत इंटर्नला शीर पकडायला शिकवतात ते प्राध्यापक नव्हेत, तेच शिकवतात. आणि राउंडमधील साऱ्या खाटांवर शिकवण्याचा अट्टहास सोडून रोज एक खाट निवडावी; बाकीच्या खाटांवर काम, त्या एका खाटेवर पाठ. ती कोणती, हे आदल्या संध्याकाळी विद्यार्थ्यांना आणि त्या रुग्णालाही सांगून ठेवावे.